काटकसर नेमकी कुठे? हाडांच्या मोठ्या गाठी आणि तुटपुंजी साधने

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा गुडघा दुखू लागला की घरात पहिला अंदाज असतो तो खेळताना लागलेल्या मुक्या माराचा. तेल चोळले जाते, लेप लागतो, हाडवैद्याकडून पट्टी बांधून आणली जाते, मग दवाखान्यातून दुखण्याच्या गोळ्या येतात, आणि या सगळ्यात गुडघ्यावरची सूज नारळाएवढी होते. ऑस्टिओसार्कोमा हा हाडातच उपजणारा कर्करोग नेमका याच वयात गाठतो आणि बहुधा याच जागी, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला किंवा नडगीच्या वरच्या टोकाला. एकूण कर्करोगांत हाडांच्या कर्करोगाचे प्रमाण फार थोडे आहे. तालुक्याच्या डॉक्टरला उभ्या कारकिर्दीत असे रुग्ण बोटांवर मोजण्याइतकेच भेटतात, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागतो. मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत गाठ प्रचंड वाढलेली असते, हातातले पैसे संपत आलेले असतात, आणि आईवडिलांचे प्रश्न दोनच असतात: पाय वाचेल का, आणि आत जो सांधा बसवायचा त्याला किती लागतील? प्रश्न अगदी स्वाभाविक आहेत. पण त्यांच्यामागून आपली सगळी चर्चाच इम्प्लांटच्या किमतीभोवती फिरू लागते, आणि ते मला बरोबर वाटत नाही. साधने तोकडी असतील तिथे काटकसर करावीच लागणार. ती गाठ ओळखण्यात, ती समूळ काढण्यात किंवा किमो पुरी करण्यात केली तर रोगी हातचा जातो. गाठ काढल्यावर उरलेली जागा कशाने भरायची, यात मात्र काटकसरीला पुष्कळ वाव आहे. गेल्या चाळीस वर्षांतला पुरावा याच बाजूने साक्ष देतो, आणि त्यातला महत्त्वाचा काही भाग आपल्या मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातच तयार झाला आहे.

आधी जीव कशाने वाचतो ते पाहू. किमोथेरपी येण्यापूर्वी ऑस्टिओसार्कोमावर एकच उपाय होता, पाय कापणे. कापूनही बहुतेक मुले दोन वर्षांत फुप्फुसात रोग पसरून जात, कारण निदानाच्या दिवशीच रोगाचे न दिसणारे कण तिथे पोचलेले असत. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे दोन गट केले गेले. किमो दिलेल्या गटात दोन वर्षांनंतर ६६ टक्के रुग्ण रोगमुक्त होते, न दिलेल्या गटात १७ टक्के. चाचणी लहान होती, पण फरक इतका ढळढळीत होता की किमो द्यावी की नाही हा वाद तिथेच मिटला. त्याच वर्षी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला ऑस्टिओसार्कोमा झालेल्या २२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाय राखून गाठ काढलेले आणि पाय कापलेले रुग्ण यांच्या जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. जीव वाचवते ती औषधे आणि गाठीची स्वच्छ काढणी यांची जोडी. पाय राहिला की गेला, आणि राहिला तर त्यात धातू बसवला की हाड, हा प्रश्न जगण्याच्या दर्जाचा आहे. तो मोठाच आहे, पण त्याची जागा दुसरी आहे.

म्हणून पहिला खर्च व्हायला हवा तो बायोप्सी नीट होण्यावर, आणि हा खर्च तसा फार नाही. दोन बाजूंनी काढलेला साधा एक्स-रे हाड पोखरले गेल्याचे, त्याचे आवरण उचलले गेल्याचे, भोवती किरणांसारखे नवे हाड फुटल्याचे दाखवून देतो. पुढची पायरी म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणे, आणि बिघडते ते इथे. जाड सुई त्वचेतून ज्या मार्गाने आत जाते त्या सगळ्या मार्गावर गाठीच्या पेशी सांडतात. पुढे मोठ्या शस्त्रक्रियेत तो मार्ग त्वचेसकट गाठीबरोबर काढून टाकावा लागतो. म्हणून सुईचे छिद्र पुढच्या छेदाच्या रेषेवरच हवे, एकाच स्नायूच्या कप्प्यातून जाणारे हवे, मुख्य रक्तवाहिनी आणि नस यांच्यापासून दूर हवे. उघडून तुकडा काढायचाच असेल तर चीर पायाच्या लांबीच्या दिशेने घ्यावी लागते. कुणी दिसायला बरी म्हणून आडवी चीर घेतली, किंवा पू असेल असे समजून गाठ उघडली आणि खरवडली, तर वाचण्याजोगा पाय त्या अर्ध्या तासात जातो. हेन्री मॅन्किन या अमेरिकी शल्यविशारदाने ही गोष्ट आकड्यांनिशी मांडली. १९८२च्या पाहणीत ३२९ रुग्णांपैकी ४.५ टक्के रुग्णांचा पाय किंवा हात केवळ सदोष बायोप्सीमुळे कापावा लागला होता. १९९६ साली ५९७ रुग्णांची पाहणी पुन्हा झाली तेव्हाही चित्र फारसे बदललेले नव्हते, आणि तज्ज्ञ केंद्राबाहेर बायोप्सी झालेल्यांत चुका दुपटीपासून बारापटीपर्यंत जास्त होत्या. हे श्रीमंत अमेरिकेतले आकडे आहेत, हे लक्षात घ्यावे. जाड सुईची बायोप्सी स्थानिक भूल देऊन, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत, रुग्णाला दाखल न करताही होते. गरीब देशाला परवडणारी पाय वाचवण्याची यापेक्षा स्वस्त शस्त्रक्रिया नाही, असे मी म्हणेन. लागते ते एवढेच, की जो शल्यविशारद गाठ काढणार त्यानेच सुई घालावी किंवा ती कुठून घालायची ते त्याने सांगावे. तालुक्याच्या डॉक्टरने गाठीला हात न लावता एक्स-रेसकट रुग्ण पुढे पाठवला तर त्याने अर्धे काम केले.

किमोचा प्रश्न अधिक अवघड आहे. पाश्चात्त्य देशांत प्रमाण मानली गेलेली पद्धत डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि मेथोट्रेक्सेटचा फार मोठा डोस या तिघांवर उभी आहे. मेथोट्रेक्सेट हे औषध म्हणून महाग नाही, पण एवढा डोस दिल्यावर रक्तातली त्याची पातळी रोज मोजावी लागते, सलाइन आणि उतारा म्हणून ल्युकोव्होरिन तासांच्या हिशेबाने द्यावे लागते, आणि मूत्रपिंडाने दगा दिला तर रुग्ण दगावू शकतो. ज्या रुग्णालयात पातळी मोजायचे यंत्रच नाही तिथे हा डोस देणे म्हणजे रुग्णाचा जीव टांगणीला लावणे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने म्हणून ओजीएस-१२ नावाची वेगळी पद्धत बसवली. तिच्यात मेथोट्रेक्सेट नाही. डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फामाइड यांच्या जोड्या थोड्या थोड्या अंतराने दिल्या जातात. तिचे प्रसिद्ध झालेले परिणाम मेथोट्रेक्सेटच्या पद्धतीशेजारी ठेवता येण्याजोगे आहेत. यावर रास्त आक्षेप असा, की दोन्ही पद्धती एकाच चाचणीत समोरासमोर ठेवून ही तुलना झालेली नाही; वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या काळातले रुग्ण शेजारी ठेवले की भ्रम होऊ शकतो. आक्षेप मला मान्य आहे. पण जी पद्धत सुरक्षित देताच येत नाही तिच्याशी तुलना करायला आपल्याकडे रुग्ण येणार कुठून? शिवाय जास्त औषधे म्हणजे जास्त फायदा, हे गृहीतकही टिकलेले नाही. युरोप आणि अमेरिकेतल्या २२६० रुग्णांच्या युरामॉस या महाचाचणीत, पहिल्या औषधांना कमी दाद देणाऱ्यांना आणखी दोन औषधे जोडून पाहिली. रोग परतण्याचे प्रमाण त्याने घटले नाही, त्रास मात्र वाढला.

आता गाठ मोठी असण्याचा प्रश्न. मोठी गाठ म्हणजे पाय कापायचाच, हा समज रुग्णांत आहे तसा डॉक्टरांतही आहे. गाठीचा घेर बघून निर्णय करणे चूक आहे. बघायचे ते हे, की मुख्य रक्तवाहिन्या आणि नसा गाठीने बाजूला सारल्या आहेत की कवेत घेतल्या आहेत, आणि गाठ काढल्यावर पाय हलवायला पुरेसा स्नायू आणि जखम झाकायला धड त्वचा उरते का. गुडघ्यामागच्या रक्तवाहिन्या पुष्कळदा नुसत्या ढकललेल्या असतात, त्यांच्यात आणि गाठीत चरबीचा पातळ थर शाबूत असतो, आणि एमआरआयवर तो दिसतो. गाठीच्या जागी हाड मोडले म्हणजे पाय गेलाच, असेही पूर्वी मानत. आता प्लास्टर घालून आधी किमो देतात, आणि गाठ आवळली, हाड सांधू लागले तर पाय राखता येतो. उलट गाठ त्वचा फोडून बाहेर आली असेल, चिघळली असेल, नसा-रक्तवाहिन्या तिने गिळल्या असतील, तर पाय कापणे हाच नीट उपचार आहे. तिथे पाय राखण्याचा हट्ट धरून गाठीचा अंश मागे ठेवणे हा रुग्णावर अन्याय होय.

गाठ निघाली की मांडीच्या हाडाचा वीत-दीड वीत भाग गुडघ्यासकट नाहीसा झालेला असतो. ही जागा भरायला जगभर वापरतात ते मेगाप्रोस्थेसिस, म्हणजे हाडाच्या तुकड्यासकट घडवलेला धातूचा सांधा. परदेशी सांधा लाखांच्या घरात जातो. चेन्नईत डॉ. मयिलवाहनन नटराजन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून प्रत्येक रुग्णाच्या मापाचे सांधे इथेच बनवून घेतले आणि शेकडो पाय राखले. पुढे टाटा रुग्णालय, आयआयटी मुंबई आणि हैदराबादची एनएफटीडीसी ही धातुसंशोधन संस्था यांनी मिळून स्वदेशी सांधा विकसित केला. किमती खूप उतरल्या, हे मोठेच काम झाले. पण कमी किमतीतही एक गोष्ट बदलत नाही. सांधा हा यंत्राचा भाग आहे आणि तो झिजतो, सैल होतो, तुटतो, आणि त्यात जंतुसंसर्ग झाला तर सगळा काढून पुन्हा बसवावा लागतो. पंधरा वर्षांच्या मुलाला बसवलेला सांधा त्याच्या जन्माला पुरणारा नाही. पहिल्या शस्त्रक्रियेला योजनेतून किंवा ट्रस्टकडून पैसे मिळतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी कोण देणार, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा, आणि तो सहसा विचारला जात नाही.

म्हणूनच रुग्णाचेच हाड शुद्ध करून परत बसवण्याची पद्धत मला फार मोलाची वाटते. गाठीसकट हाडाचा तुकडा बाहेर निघतो. त्याच ऑपरेशन थिएटरात बाजूच्या टेबलावर गाठ आणि मऊ भाग खरवडून काढतात, आतली पोकळी साफ करतात आणि नमुने तपासणीला पाठवतात. मग ते बोडके हाड प्रतिजैविकाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडात गुंडाळून, एकावर एक निर्जंतुक पिशव्यांत बंद करून किरणोपचाराच्या विभागात नेतात. तिथे त्याला एकाच वेळी ५० ग्रे इतका डोस देतात. रोजच्या किरणोपचारात रुग्णाला साधारण २ ग्रे मिळतात, यावरून अंदाज यावा. माणसाच्या अंगाला एवढा डोस एका दमात सोसणार नाही, पण सुट्या हाडाला ती भीती नाही. त्यातली प्रत्येक पेशी मरते आणि सांगाडा शाबूत राहतो. इकडे टेबलावर रुग्णाचा पाय झाकून ठेवलेला असतो. हाड परत येते, आपल्याच जागी तंतोतंत बसते, प्लेट आणि स्क्रूंनी पक्के होते, आणि काही महिन्यांनी जिवंत हाड त्याच्याशी सांधते. मापाचा प्रश्न नाही, आयातीचा नाही, आणि मृतांच्या दान केलेल्या हाडांची पेढी नसल्याने अडतही नाही. आशियात अशा पेढ्या मुळातच कमी असल्याने ही वाट इथे जास्त रुळली. जपानमध्ये कानाझावा विद्यापीठात हिरोयुकी त्सुचिया यांनी किरणांऐवजी उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन वापरला, म्हणजे किरणोपचाराचे यंत्रही लागत नाही. हाड वीस मिनिटे त्यात बुडवायचे आणि हळूहळू नेहमीच्या तापमानाला आणायचे. आपल्याकडे गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजन खेडोपाडी पोचतो, तेव्हा जिल्ह्याच्या रुग्णालयाला तो दुर्मिळ वाटायचे कारण नाही. अर्थात मर्यादा आहेत. हाड गाठीने पोखरून पार ठिसूळ केले असेल तर ते परत बसवण्यात अर्थ नसतो. सांध्याचा पृष्ठभाग कालांतराने खचतो, आणि सांधायला वेळ लागतो तेवढे दिवस कुबड्या सुटत नाहीत. हाडाच्या मधल्या भागाला, जिथे दोन्हीकडचे सांधे शाबूत राहतात, तिथे ही पद्धत सर्वांत चांगली चालते.

लहान मुलांचा प्रश्न याहून बिकट, कारण पाय अजून वाढायचा असतो. वाढवता येणारा सांधा मिळतो, पण त्याची किंमत आपल्या आवाक्याबाहेरची. त्याला पर्याय म्हणजे रोटेशनप्लास्टी. गुडघ्याचा भाग काढून टाकतात, मुख्य नस आणि रक्तवाहिन्या राखतात, आणि खालचा पाय १८० अंशांत फिरवून मांडीला जोडतात. टाच पुढे येते, बोटे मागे जातात, आणि घोटा गुडघ्याचे काम करू लागतो. कृत्रिम पाय पावलावर बसतो. पाऊल स्वतःचे असल्याने मूल त्यावर धावते, सायकल चालवते. ऑस्ट्रियात साल्झर यांनी १९७०च्या दशकात ती गाठींसाठी वापरली. मूळ कल्पना त्याच्याही आधीची, हाडाच्या क्षयासाठी वापरलेली. खर्च कमी, सैल होणारा किंवा झिजणारा धातूचा सांधा नाही, मूल वाढते तसा पाय वाढतो. अडते ते दिसण्यावर. उलटे पाऊल पाहून आईवडील हादरतात, मुलीच्या लग्नाचा विचार लगेच पुढे येतो. हा नकार अडाणीपणाचा मानून झटकून टाकणे मला पटत नाही. ज्या समाजात शरीराच्या व्यंगावर बोट ठेवले जाते तिथे ही भीती खरी असते. पण अशा शस्त्रक्रियेतून चालू लागलेले मूल आईवडिलांना आधी प्रत्यक्ष दाखवले, त्या कुटुंबाशी बोलू दिले, तर होकार मिळण्याची शक्यता वाढते. त्याला पैसा लागत नाही, वेळ लागतो. गुडघा न वाकणारा पण पक्का करून देणे, रॉड आणि बोन सिमेंटने पोकळी भरून ठेवणे, हेही मार्ग आहेत. उभे राहून दिवसभर शेतात राबणाऱ्याला ताठ पाय चालतो. ज्याला जमिनीवर मांडी घालून बसायचे, उकिडवे बसायचे त्याला तो आयुष्यभर नडतो. आणि पाय कापावाच लागला तर १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपूरला घडलेला रबरी पाय आहेच. तो अनवाणी, चिखलात, उकिडवे बसताना चालेल असाच बनवला गेला. मांडीतून कापलेल्या पायाला मात्र गुडघाही कृत्रिम लागतो, आणि तो नीट बसवून चालायला शिकवणारे माणूस जवळ हवे.

जायंट सेल ट्यूमर या गाठीची गोष्ट वेगळी. ही सहसा जीव घेत नाही, पण हाड खाऊन टाकते, आणि वीस ते चाळीस वयात, कमावत्या माणसाला गाठते. पाश्चात्त्य देशांत हाडांच्या मूळ गाठींत तिचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास, आशियात वीस टक्क्यांपर्यंत, म्हणजे हा आपलाच प्रश्न म्हणायला हवा. तिच्यावर डेनोसुमॅब हे महाग इंजेक्शन आले आणि त्याचे कौतुकही झाले. पण इटलीतल्या बोलोन्याच्या रिझोली संस्थेने २०१८ साली २४७ रुग्णांचा हिशेब मांडला तेव्हा दिसले, की इंजेक्शन देऊन मग गाठ खरवडलेल्यांत ती ६० टक्क्यांत परतली, इंजेक्शनाविना खरवडलेल्यांत १६ टक्क्यांत. हे रुग्ण चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते, तेव्हा कठीण गाठींनाच इंजेक्शन दिले गेले असेल, ही शंका राहते. तरी हाडाला मोठी खिडकी पाडून, बर या वेगाने फिरणाऱ्या हत्याराने कोपरान् कोपरा घासून, पोकळी सिमेंटने भरणे हा जुना स्वस्त उपाय आजही पाया धरून आहे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा: गरिबांसाठी स्वस्त आणि श्रीमंतांसाठी चांगले, अशी दोन मापे आपण पक्की करत आहोत का? आक्षेप घेणाऱ्यांची कळकळ मला समजते. स्वस्त उपचाराच्या नावाखाली पॅथॉलॉजिस्टविना निदान, अर्धवट किमो आणि जमेल तेवढी गाठ काढणे हे सर्रास खपवले जाते, आणि त्याला विरोध व्हायलाच हवा. पण महाग म्हणजे चांगले, हे जिथे जिथे नीट तपासले गेले तिथे ते नेहमी खरे ठरले नाही. धातूचा सांधा बसवल्यावर पाच दिवस प्रतिजैविके द्यायची की एकच दिवस, हे पॅरिटी चाचणीने १२ देशांतल्या ६०४ रुग्णांत तपासले. २०२२ साली निकाल आला: जंतुसंसर्ग पाच दिवसवाल्यांत १५ टक्के, एक दिवसवाल्यांत १६.७ टक्के, म्हणजे मोजण्याजोगा फरक नाही. औषधांचा त्रास मात्र पाच दिवसवाल्यांत जास्त. स्वस्त पर्याय पुराव्याने टिकतो तेव्हा तो श्रीमंतालाही द्यावा, आणि टिकत नाही तेव्हा गरिबालाही देऊ नये. माप एकच राहते.

दुसरा आक्षेप अंतराचा. सगळे मोठ्या केंद्रात पाठवा म्हणणे सोपे. गडचिरोलीहून किंवा बिहारमधून मुंबईला सात-आठ महिने राहणार कोण? उपचार मध्येच सुटण्याचे मोठे कारण हेच आहे. गाठ निम्मी आवळते, दुखणे थांबते, पैसे संपतात, आणि कुटुंब गावी परतते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना आसरा देते, महात्मा फुले जन आरोग्य योजना शस्त्रक्रियेचा आणि किमोचा भार उचलते, पण बापाची बुडालेली मजुरी कोणत्याच कागदावर येत नाही. उपाय कामाच्या वाटणीत आहे. बायोप्सी आणि शस्त्रक्रिया तज्ज्ञ केंद्रात, किमोच्या फेऱ्या घराजवळच्या रुग्णालयात, त्याच लेखी पद्धतीनुसार. २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग केंद्रांच्या जाळ्याने याला चौकट दिली आहे. दूरच्या डॉक्टरला स्क्रीनवर रुग्णाचे फोटो दाखवून मोठ्या केंद्राचा सल्ला घेता येतो. ग्रिडच्या २३ केंद्रांनी ४० औषधे एकत्र खरेदी केली तेव्हा औषधागणिक २३ ते ९९ टक्क्यांपर्यंत पैसे वाचले. ही काटकसर रुग्णाच्या उपचारातून काही काढून न घेता झाली.

शस्त्रक्रियेनंतरची वर्षे राहतात. रोग परतला तर तो बहुधा फुप्फुसात किंवा त्याच जागी, म्हणून दर काही महिन्यांनी छातीचा सीटी स्कॅन करायचा, अशी शिफारस असे. टाटा रुग्णालयाने ५०० रुग्णांना चिठ्ठ्या टाकून वाटले आणि साधा छातीचा एक्स-रे सीटीच्या तुलनेत किती उतरतो ते पाहिले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार एक्स-रेने लक्ष ठेवलेले रुग्ण कमी जगले असे दिसले नाही. दोन तपासण्यांमधले अंतर किती वाढवावे, याबद्दलचा निष्कर्ष मात्र तेवढा ठाम नव्हता. आणि त्याच जागी परतलेल्या बहुतेक गाठी रुग्णांनी स्वतःच, हाताने चाचपून ओळखल्या होत्या. घरी जाताना ज्याला व्रणाभोवती कसे दाबून पाहायचे ते शिकवले आहे, आणि ज्याच्या तालुक्याला एक्स-रे निघतो, त्याला दर तीन महिन्यांनी सीटीसाठी मुंबईची गाडी पकडावी लागू नये.